नाना फेगडेंच्या अफवा

भुसावळात हॉकीची कुठलीही बातमी आधी भिकाभाऊच्या सलूनमध्ये यायची आणि मग खरी व्हायची. उलटं कधी झालेलं मी पाहिलं नाही. कोण कुठल्या टीममध्ये चाललाय, रेल्वेनं कुणाला उचललं, दीपनगरवाल्यांनी कुणाच्या घरी माणूस पाठवला, कोण फॅक्टरीच्या ट्रायलला चोरून जाऊन आला, सगळं तिथं साबणाच्या फेसातून बाहेर पडायचं. आणि त्यातल्या निम्म्या बातम्या तिथं नाना फेगडे ठेवून जायचे. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आता नाही हसू येत. का ते सांगायचंच आहे, पण घाई केली तर नाना हातातून निसटतील, म्हणून आधी माणूस दाखवतो.

पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी आणि पायात कॅनव्हासचे बूट. टोपी आणि बूट हे दोन्ही एका माणसाच्या अंगावर मी फक्त नानांच्याच पाहिले. धंदा केळीचा. सावद्याकडच्या बागा पाहायच्या, शेतकऱ्याशी सौदा करायचा, वॅगन भरून माल दिल्लीकडे पाठवायचा. स्वतः मात्र केळ खायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "तुम्ही बँकेत काम करता तर नोटा खाता का?"

नाना कधी हॉकी खेळले होते का, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. स्टिक हातात दिली तर ती केळीचा घड उचलावा तशी धरायचे. पण तापीकाठ क्रीडा मंडळ, म्हणजे आमची टीम, सबंध त्यांच्या डोक्यावर उभी होती. मॅच चालू असताना ते बॉलकडे बघायचेच नाहीत, पोरांच्या पायांकडे बघायचे. आणि बसायचे नाहीत. कितीही ऊन असो, आणि भुसावळचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच असेल, नाना लाईनच्या बाहेर इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकदा अंपायरच त्यांना म्हणाला, "नाना, माझ्यापेक्षा तुम्ही जास्त पळताय, शिट्टी देऊ का?"

आता आमची टीम कसली, तर नोकरी नसलेल्या पोरांची. गावात बाकी तीन टीम होत्या, रेल्वेची, फॅक्टरीची आणि दीपनगरच्या वीजकेंद्राची. त्या तिन्हीकडे खेळाडूंच्या कोट्यातून भरती व्हायची. म्हणजे चांगलं खेळलं की नोकरी, आणि नोकरी लागली की आमची टीम सोडून त्यांच्या टीममध्ये. मग आमच्याकडे राहणार कोण? जो अजून चांगला झाला नाही तो. दुसरा कुणी असता तर त्यानं आपली चांगली पोरं लपवून ठेवली असती. नाना उलटे. ते पोरांचा बाजार मांडायचे. आणि तो कसा, ते ऐका, कारण हे फक्त केळीवाल्यालाच सुचलं असतं.

आमच्याकडे पीटर नावाचा गोलकीपर होता. रेल्वेच्या लोको कॉलनीत राहायचा, वडील वारलेले, आई शिवणकाम करायची. पोरगा गोलमध्ये असा आडवा पडायचा की बघणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही. तर नाना एका सकाळी सलूनमध्ये गेले, खुर्चीत बसले, फेस लावून घेतला आणि एक लांब सुस्कारा टाकला.

"काय नाना, आज गप?" भिकाभाऊ.

"काय सांगू भिका. दीपनगरवाले पीटरच्या घरी जाऊन आले म्हने."

"आँ? कोन म्हने?"

"कोनी नाही. तू कोनाले बोलू नको भो."

झालं. भिकाभाऊला 'बोलू नको' म्हणणं म्हणजे स्टेशनवरच्या भोंग्यातून ओरडणं. दुपारपर्यंत रेल्वेच्या स्पोर्ट्सच्या साहेबांच्या कानावर गेलं. साहेबांना वाटलं, आपल्या कॉलनीतला पोरगा आणि दीपनगरवाले नेतात? त्यांनी शिपाई पाठवला. रेल्वेचा शिपाई पीटरच्या घरी गेल्याचं दीपनगरला कळलं, तेव्हा त्यांना वाटलं, रेल्वेवाले धावतायत म्हणजे पोरात काहीतरी असणार. मग त्यांनी खरंच माणूस पाठवला! शेवटी दोन्हीकडची माणसं एका संध्याकाळी नानांच्या ओट्यावर समोरासमोर, आणि नाना मधे शेव-मुरमुऱ्याचं ताट ठेवून, कपाळाला हात लावून म्हणतात, "घ्या, लुटा मले. माह्यी टीम बुडवा."

पीटर रेल्वेत लागला. त्याची आई नाताळात केक घेऊन नानांकडे यायची, आणि नाना तिला दर वेळी म्हणायचे, "मी काय केलं बाई? माह्या तर कीपर गेला."

मला हे त्यांनी पुढे एकदा सांगितलं, ते पण गंमत म्हणून नाही, धंदा शिकवल्यासारखं. "आपल्या मालाची तारीफ आपन कराची नाही भो. ती दुसऱ्याच्या तोंडून आली पायजे. आपन फक्त रडाचं."

पोरगा लागला की दुसऱ्या दिवशी नाना ग्राउंडवर यायचे आणि उरलेल्यांकडे बघून म्हणायचे, "चाला, कापनी झाली. लावा नवी बाग." की सुरू! पुन्हा नवी पोरं शोधायची, पुन्हा स्टिक कशी धरायची इथपासून. आणि पोरं कुठं शोधायचे माहितीये? लग्नात. खोटं नाही सांगत. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी असते, आणि वाढायला गावातलीच पोरं असतात. वरणाची बादली हातात घेऊन कमरेत वाकायचं आणि त्या लांबच लांब पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं, न सांडता, न थांबता. नाना जेवता जेवता त्या पोरांच्या कमरा बघायचे. "तो पाय, निळ्या शर्टवाला. सरळ झालाच नाही अजून. हा लेफ्ट आऊट हाय." नवरीच्या बापाला वाटायचं नाना मुलगी द्यायला पोरगा बघतायत. मलाही त्यांनी असंच एका लग्नात उचललं. माझं वरण सांडलं होतं खरं, पण म्हणाले, "सांडलं तरी थांबला नाही. हाफला चालीन."

मी मध्यमच होतो. राईट हाफ. हे आधीच सांगून टाकतो, पुढे लागेल.

तर नानांचं असं चालायचं. आणि गावात त्यांचं नाव काय, तर 'नानांची भरती कचेरी'. आमची टीम जिंकायची नाही, हे सांगायला नकोच. जिंकायला लागेपर्यंत जिंकणारे निघून गेलेले असायचे.

पण धुळ्याची स्पर्धा ही नानांची दुखरी जागा. दर जानेवारीत धुळ्याला मोठी स्पर्धा व्हायची, बाहेरच्याही टीम यायच्या. आम्ही जायचो आणि हरून यायचो. तिथं एक आण्णा होते, धुळ्याच्या टीमचे जुने पाठीराखे, अंगानं भरदार, आवाज लाऊडस्पीकरसारखा. आमची एसटी उभी राहिली की आण्णा दारातच.

"या नाना! यंदा कोनले नोकरीले लाई दिधं? आमनाकडे नुसता हारालेच येतस का?"

नाना समोर हसायचे. "आण्णा, तुमच्या पोराईले बी लावून देऊ का?"

पण परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसायचे. एका वर्षी सात गोल खाल्ले आम्ही. पारोळ्याला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, नाना सीटवरून हललेच नाहीत. मी त्यांच्यासाठी खिडकीतून ग्लास आत दिला. ग्लास हातात धरून म्हणाले, "मी मेलो का लोकं म्हनतीन, नानानं लय पोरं लावले. टीम होती असं कोनी नाही म्हननार."

मी म्हटलं, "नाना, चहा थंड होतोय."



त्यानंतरच्या उन्हाळ्यात नानांना सुपडू सापडला. बोदवडला कुणाचं तरी लग्न होतं. नाना तिथून आले तेव्हा त्यांनी मोपेड बंदसुद्धा केली नाही, तशीच भिंतीला टेकवली आणि ओरडत आले, "अरे, दोन हातात दोन बादल्या! दोन! आन् वाकलेला!"

सुपडूच्या वडिलांची बोदवडला पिठाची गिरणी होती. पोरगा काळासावळा, हाडकुळा, बोलायला अगदी कमी. रोज पॅसेंजरनं भुसावळला यायचा, खेळायचा, परत जायचा. आधी कधी हॉकी स्टिक हातात धरलेली नाही, आणि दिवाळीपर्यंत असा खेळायला लागला की आम्ही सगळे आपापलं खेळणं विसरून बघत राहायचो. बॉल त्याच्या स्टिकला चिकटायचा, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. समोरचा बॅक त्याला डावीकडे जाताना बघायचा आणि तो उजवीकडून गोलसमोरच्या डीमध्ये पोचलेला असायचा. गाडी लेट असली की आम्ही प्रॅक्टिसच सुरू करायचो नाही. नाना स्टेशनकडे तोंड करून उभे.

सुपडूला एकच गोष्ट हवी होती. गिरणीतून सुटायचं होतं. वडील दिवसभर पिठात उभे राहून खोकायचे. तो म्हणायचा, "मी घरात गेलो न, का मले पन खोकला येते. धूळ नसली तरी येते." मंडळात आला तो नोकरीसाठीच, आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. बूट बांधता बांधता सरळ विचारायचा, "नाना, माह्यं कधी?"

"तुह्यं होईन रे. तुह्यं सगळ्यात मोठं होईन."

आणि गंमत बघा, सुपडूसाठी नानांना काही करावंच लागलं नाही. ना सुस्कारा, ना सलून. त्या नोव्हेंबरात रेल्वेचे साहेब स्वतः स्कूटरवर येऊन ग्राउंडच्या कडेला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आम्ही सुपडूच्या पाठीत गुद्दे घालतोय, "लागला रे लागला, पेढे!" तो नुसता कान लाल करून हसतोय. मी नानांकडे पाहिलं तर ते साहेबांकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच मी त्यांना एका जागी उभं राहिलेलं पाहिलं.

ट्रायल डिसेंबरात होती. धुळ्याची स्पर्धा जानेवारीत. एकदा रेल्वेत गेला की तो आमच्याकडून खेळू शकणार नव्हता.

पुढचं मला भिकाभाऊनंच सांगितलं, बऱ्याच महिन्यांनी, आणि सांगताना त्याला त्यात काही वावगं आहे असं वाटत पण नव्हतं. नाना सकाळी आले. खुर्चीत बसले. फेस लावून झाल्यावर म्हणाले, "पोरगा गुनी हाय भिका, सुपडू. पन गुडघ्यात पानी भरते त्याच्या. किती दिवस चालते पाहू."

"अरे अरे. एवढ्या चांगल्या पोराच्या?"

"कोनाले बोलू नको भो."

एवढंच. नानांच्या धंद्यात हे काही नवीन नव्हतं म्हणा. एखादी बाग आपल्यालाच हवी असली आणि दुसरे व्यापारी घिरट्या घालायला लागले, की चहाच्या टपरीवर हळूच सोडून द्यायचं, त्या बागेत करपा रोग शिरलाय. व्यापारी वळून जातात. महिन्याभरानं माल कापून गाडीत भरला की लोक बघतात, केळ तर स्वच्छ आहे, आणि हसून सोडून देतात. नानांना वाटलं असणार, पोराचंही तसंच. एक महिना थांबवायचं. मग उघडून दाखवायचं.

ट्रायलची बोलावणी निघाली, त्यात सुपडू नव्हता. त्या संध्याकाळी तो ग्राउंडवर आला आणि बूट न घालता बसून राहिला.  नाना त्याच्याजवळ गेले, खाली बसले. नाना आणि बसले!

"हे साल जाऊ दे भो. पुढच्या साली मी सोता तुले हाताले धरून नेतो. आता धुळं पाय. फक्त धुळं."

"पन त्याईनं दोनदा येऊन पाह्यलं नाना. मंग नापसंत काय पडलं?"

नाना म्हणाले, "मोठ्या लोकाईचं काय सांगता येते," आणि उठून लाईनच्या पलीकडे गेले.

धुळ्याला आम्ही जिंकलो. मी हे वाक्य अजून कुणाला सांगताना भराभर सांगतो, इतका आनंद होतो. फायनल धुळ्याच्याच टीमशी, त्यांच्याच ग्राउंडवर, आण्णांचा आवाज डोक्यावर, आणि सुपडूनं दोन गोल मारले. दुसरा तर असा की गोलकीपर बॉल गेल्यावर पडला. शेवटी शेवटी त्यांच्या एका बॅकनं मारलेला बॉल सुपडूच्या नडगीवर बसला, आवाज बाहेरपर्यंत आला. पण तो मैदानातच राहिला. शिट्टी झाली आणि आम्ही नानांना उचललं, टोपी पडली, बुटासकट त्यांना खांद्यावर घेऊन पळालो. नाना रडत होते. "सोडा रे, पडीन मी, सोडा!" म्हणत होते आणि आमचे केस घट्ट धरून बसले होते.

कप घ्यायला सुपडूला पुढे केलं. तो माझ्या खांद्यावर हात टाकून, लंगडत गेला. सगळ्या मैदानानं ते पाहिलं. रेल्वेची, दीपनगरची माणसंही आलेली होती, त्यांनीही पाहिलं.

तेवढ्यात आण्णा आले, मोठ्या मनानं नानांना मिठी मारली आणि म्हणाले, "कप तुमना नाना, मानं आपले. पन पोऱ्याना गुडघा खरंच गया शे ना? बठ्ठा लोक हाईच सांगी राह्यनात. इतला गुनी पोऱ्या, काय वाईट शे."

मी गुडघ्याचं पहिल्यांदाच ऐकत होतो. मी आण्णांना सांगायला लागलो की अहो नडगीला लागलंय, आत्ताच लागलंय, तुमच्याच माणसानं मारलंय. पण माझं लक्ष नानांकडे गेलं. हातात टोपी होती, तिची धूळ झटकत होते. झटकतच राहिले.

सुपडूची नडगी आठवड्यात बरी झाली. पण कप आणला म्हणताना सगळ्यांचे डोळे आमच्या टीमवर. उन्हाळ्यापर्यंत आमच्यातले पाच जण लागले. दोन फॅक्टरीत, एक रेल्वेत, दोन दीपनगरला. त्या दोघांतला एक मी. स्टोअरमध्ये. सुपडूनं दिलेले पास नीट थांबवता येत नव्हते मला आणि मी लागलो. सुपडूला कुणी बोलावलं नाही. जो तो म्हणायचा, काय खेळतो हो! पण गुडघा. इंजेक्शन घेऊन खेळला म्हणे धुळ्याला. पाहिलं ना, कप घेताना कसा चालत होता.

नाना सलूनमध्ये गेले. "भिका, गुडघा एकदम ठनठनीत हाय त्याचा." भिकाभाऊ "हाव नाना, हाव" म्हणाला आणि आरशातून पुढच्या गिऱ्हाईकाला डोळा मारला. आयुष्यभर गावाला ज्यांनी शिकवलं की आपल्या मालाची तारीफ आपण करायची नसते, तेच आता करत होते. कोण ऐकणार?

मग एक दिवस ते सुपडूला घेऊन रेल्वेच्या साहेबांकडे गेले. मला सोबत नेलं, का कुणास ठाऊक, चार लोक असले तर बरं म्हणून असेल. साहेब भला माणूस. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. नानांनी चहाला हात लावला नाही. सुपडूला म्हणाले, "कर." आणि सुपडू साहेबांच्या टेबलासमोर उठाबशा काढायला लागला. नाना त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवतायत, "पाहा साहेब. वाजते का? पाहा." सुपडू काढतोय, काढतोय, कपाळावरून घाम टेबलाजवळच्या फरशीवर. मला बघवेना.

"पुरे रे बाळा," साहेब म्हणाले. "बाहेर थांब जरा."

तो बाहेर गेल्यावर नाना एकदम बोलले. "साहेब, गुडघ्याचं मी उठवलं होतं. खोटं होतं. मले धुळ्याचा कप पायजे होता."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, उलट प्रेमानं. "नाना, पोरासाठी तुम्ही आता स्वतःवर घेताय. कळतं मला. पण इतकी वर्षं सलूनमधून तुमच्या नावावर मी पोरांबद्दल चांगलंच ऐकलंय. खरं-खोटं, पण चांगलंच. वाईट हे एकच. तुम्ही वाईट बोललात म्हणजे ते खरंच असणार, असं मी त्याच दिवशी म्हटलं होतं."

"साहेब, तुमच्या डॉक्टरले दाखवा न."

"दाखवलं असतं हो. पण जागा कुठं आहे? सेंटर फॉरवर्ड डिसेंबरातच घेतला आम्ही. पुढे निघाली जागा तर बघू."

पुढे जागा निघाली तेव्हा सुपडूचं वय बसलं नाही.

त्यालाही एक दिवस सांगायचं नानांनी ठरवलं. मी सुट्टीवर होतो, मला म्हणाले, चाल बोदवडला. गेलो. सुपडू गिरणीत. वडील खाटेवर, म्हणून आता पट्ट्याजवळ तोच उभा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. दळणाचे डबे घेऊन बायका रांगेत बसलेल्या. नाना दारात उभे राहून हळूच काहीतरी म्हणाले.

"काय?" सुपडू ओरडला. गिरणीचा आवाजच तेवढा.

नाना पुन्हा म्हणाले.

"ऐकू नाही ये नाना! जोऱ्यात बोला!"

आणि मग नानांना ते ओरडून सांगावं लागलं. "तुह्या गुडघ्याचं मीच उठवलं होतं! मी! कपासाठी!" बायकांनी माना वळवल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. सुपडूनं गिरणी बंद केली नाही. त्यानं समोरचा डबा रिकामा केला, पीठ भरलं, पुढचा डबा घेतला. "बसा," म्हणाला. नाना पोत्यावर बसले. सगळं दळण उरकेपर्यंत आम्ही बसून होतो, आणि नानांचे पांढरे कपडे आणखी पांढरे होत होते.

शेवटी पट्टा थांबला. एकदम इतकी शांतता झाली की कानात दडे बसल्यासारखं वाटलं. सुपडू हात झटकत आला, समोर उकिडवा बसला.

"मले सांगाचं होतं न नाना," तो म्हणाला. "तुमी म्हनले असते, सुपडू, ट्रायलले जाऊ नको, एक साल माह्यासाठी थांब, तर मी थांबलोच असतो. मंग पुढच्या साली तुमी मले लावलं असतं. तुमी विचारलंच नाही."

नाना पोत्यावरून उठायला गेले आणि पुन्हा बसले. मला वाटतं हे त्यांना खरोखरच कधी सुचलं नव्हतं. इतकी पोरं विकली, लावली, एक लपवलं, पण पोराला विचारायचं असतं, हे त्या सगळ्या हिशेबात कुठं नव्हतंच.

त्यानंतर नाना सलूनला गेले नाहीत. घरीच दाढी करायचे, वाकडीतिकडी. मंडळ कधी बंद झालं कुणालाच कळलं नाही. एक दिवस ग्राउंडवर कुणी आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. कप त्यांच्या घरात होता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हाय तिकडे माळ्यावर," आणि विषय बदलला.

शेवटचं त्यांना पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी. कामासाठी मी बोदवडला गेलो होतो, रविवार होता. शाळेच्या मैदानावरून जाताना गलका ऐकू आला म्हणून गाडी थांबवली. वीस-पंचवीस पोरंपोरी, निम्म्यांकडे स्टिक, निम्म्यांकडे तासलेली बाभळीची दांडकी. मधे सुपडू. पोट थोडं सुटलंय, पण कमरेत वाकला की तोच. पोरांना बॉल मारायला शिकवत होता. आणि गोलच्या पाठीमागे, जिथून काटेरी झुडपं सुरू होतात तिथं, नाना. टोपी नव्हती. चष्मा आला होता. पोरांनी मारलेला बॉल गोलच्या बाजूनं गेला की ते झुडपात वाकून शोधायचे, काटे हातानं बाजूला करायचे, आणि बॉल आणून सुपडूकडे घरंगळत सोडायचे. सुपडू त्यांच्याकडे बघायचा नाही. नुसती स्टिक मागं करायचा, बॉल बरोबर तिथं यायचा.

मी जवळ गेलो. मनगटांवर ओरखडे होते. मला ओळखलं, खूश झाले, दीपनगरचं विचारलं, पोराबाळांचं विचारलं. तिथं एक पोरगी होती, दोन वेण्या, अनवाणी, अशी पळत होती की मला राहवेना. जुन्या सवयीनं मी विचारलं, "नाना, ही कोण? हिच्यात दम दिसतो, नाही?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पायांकडे. बरंच पाहिलं. ओठ हलले, मला वाटलं आता काहीतरी म्हणतील.

"तिलेच विचार," ते म्हणाले.

तेवढ्यात एक बॉल बाजूनं सूंकन गेला आणि झुडपात शिरला, आणि नाना तिकडे वळले.